टिपणीस सरांची पाटीफेरी

टिपणीस सरांना 'छान' हा शब्द खपत नसे. भिवंडीच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते, आणि नवीन बाई म्हणून एक दिवस डबाभर पोहे करून नेले. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी छान छान म्हणत बशा रिकाम्या केल्या. कोपऱ्यात बसलेल्या, इंग्रजी शिकवणाऱ्या या हडकुळ्या गृहस्थांनी मात्र सावकाश खाऊन बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "खोबरं ताजं आहे. मीठ कमी आहे. शेंगदाणे वेगळे तळले होते का?"

मी मनात म्हटलं, काय खडूस माणूस आहे! पुढे त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर इतकी वर्षं काढल्यावर कळलं की त्यांनी त्या दिवशी माझं भलतंच कौतुक केलं होतं. बाकीच्यांनी पोहे नुसते खाल्ले होते, यांनी ते पाहिले होते. पण हे कळेपर्यंत मी त्यांच्याशी दोन-तीनदा तरी भांडले असेन.

अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात खडूचे तुकडे, त्यामुळे खिसा कायम पांढरा, आणि उन्हाळा असो की हिवाळा, हातात छत्री. बोलणं कमी. मुलांच्या निबंधांवर मात्र ते तुटून पडत. 'माय मदर इज व्हेरी काइंड अँड लव्हिंग' असं कुणी लिहिलं की त्याला उभं करून विचारत, "म्हणजे काय करते रे ती?" पोरगं गोंधळायचं. "सकाळी उठून काय करते?" "सर, सुताच्या बॉबीन भरते." "मग ते लिही की. काइंड आहे हे मला आपोआप कळेल." त्यांचं म्हणणं असं की विशेषण कुणीही कुणालाही लावतं, त्याला काही खर्च नाही. नाव घ्यायचं तर आधी बघावं लागतं.

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने होते. तास चालू असताना त्यांची खटखट बाकांतून अंगात शिरायची आणि वीज गेली की एकदम इतकं शांत व्हायचं की शिकवणाराच दचकायचा. मुलं तिथलीच. कुणाचा बाप लूमवर, कुणाचा भाऊ कापड रंगवायच्या डाइंगमध्ये, काही दापोड्याकडच्या खेड्यांतली, थोडी आमच्यासारख्या कारकून-मास्तरांच्या घरची. दहावीत ती नापास व्हायची ती इंग्रजीतच. आणि नापास झालेलं पोरगं दुसऱ्या दिवसापासून त्या भिंतीपलीकडे जायचं. सरांना ती भिंत खिडकीतून दिसे. ते खिडकीकडे पाठ करून शिकवत.

त्यांनी काढलेला उपाय म्हणजे पाटीफेरी. पुस्तकातली वाक्यं मुलांच्या डोक्यावरून जातात, पण दुकानांच्या पाट्या तर ती रोज बघतात, असा त्यांचा विचार. गणपती उठले की आठवी ते दहावीच्या मुलांना घेऊन ते नाक्यापासून बाजाराच्या गल्लीत शिरत. प्रत्येक पाटीपुढे थांबायचं, सगळ्यांनी मोठ्याने वाचायचं आणि मग त्या पाटीची फोड करायची. टी स्टॉल. यार्न मर्चंट. सायकल रिपेअर शॉप. गल्लीतले दुकानदार मापं बाजूला ठेवून ऐकत.

मी एकदा त्यांना छेडलं, "यात विशेष ते काय सर? दोन शब्द एकमेकांना चिकटवले की झालं. आमच्याकडे त्याला समास म्हणतात."

"तुमचा समास शब्द शिवून टाकतो, बाई. इथे ते सुटे उभे असतात, म्हणून पोरं फसतात." मग मला वर्गात बसवून दाखवलं. फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: व्हाइट युनिफॉर्म. स्कूल युनिफॉर्म.

"युनिफॉर्म कसा आहे?"

"व्हाइट!" सगळा वर्ग ओरडला.

"बरोबर. आता खालचा. हा युनिफॉर्म कसा आहे? शाळा आहे? फार शाळा आहे? जरा जास्तच शाळा आहे?"

मुलं खदखदून हसायला लागली. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "व्हाइट हे विशेषण. त्याला पुढे ठेवा, मागे ठेवा, 'व्हेरी' लावा, चालतं. स्कूल हे नामच आहे. ते फक्त दुसऱ्या नामाच्या कामाला आलंय. ते वस्तू कशी आहे ते सांगत नाही, कुठली आहे, कशासाठी आहे ते सांगतं. रांगेत शेवटचा उभा असतो तो सेठ. पुढचे सगळे त्याच्या ड्युटीवर."

"सर, मग बूट तर दोन असतात. शूज शॉप का न्हाय?"

"लूमवरचा माणूस बिऱ्हाड घेऊन येतो का रे? गावी ठेवून एकटा येतो ना? तसंच. कामाला आलेलं नाम एकटं येतं. शू शॉप."

त्या पोरांना हे पुन्हा सांगावं लागलं नाही. त्यांच्यापैकी कितीतरी जणांची आई आणि धाकटी भावंडं खरोखरच गावी होती. गल्लीत एका चपलांच्या दुकानावर 'शूज शॉप' असं रंगवलेलं होतं. सरांनी दरवर्षी मुलं आणून त्याच्यासमोर 'शूज'वर अशी काही चर्चा घडवली की अखेर वैतागून दुकानदाराने पेंटर बोलावला आणि 'शूज'चा शेवटचा 'एस' तेवढा पुसून घेतला. त्या दिवशी सरांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला. एरवी त्यांच्या खिशातून चहा निघणं मुश्किलच होतं.

फेरीचा शेवट ठरलेला, गल्लीच्या कोपऱ्यावर याकूबभाईंच्या दुकानापुढे. पाटी होती: 'याकूब, स्कूल युनिफॉर्म स्पेशालिस्ट'. सरांच्या मते अख्ख्या भिवंडीत याहून सुंदर पाटी नव्हती. सुंदर हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला तो तेवढाच. दोन नामं तिसऱ्याच्या कामाला आली आहेत, एकही विशेषण नाही. बेस्ट नाही, फेमस नाही. याकूबभाई कोकणी मुसलमान, घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, आणि आमच्या शाळेचे गणवेश तेच शिवत. सर आणि ते एका वयाचे. दुकानाला काळ्या दगडाची एक पायरी होती, मध्ये झिजून खोलगट झालेली. शाळा सुटली की सर त्या पायरीवर बसत आणि आत याकूबभाई मशीन चालवत. दोघं फारसं बोलत नसत. मी जाताना बघायची. मला तो प्रकार गमतीचा वाटे.

"मास्तर, तुम्ही माजी पाटी उसवताव," याकूबभाई मुलांसमोर म्हणत, "नि मी तुमच्या पोरांच्या चड्ड्या शिवतो. बराबर हाय."

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात गावात दंगल झाली. तिच्याबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांनी ती पाहिली त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना माझ्याच्याने सांगवत नाही. याकूबभाई दुकानात होते. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी गणवेशांची घाई असते, म्हणून त्या दिवसांत ते दुकानातच जेवायचे आणि कापडाच्या ताग्यांवरच आडवे व्हायचे. दुकानाबरोबर ते गेले. त्यांची बायकोमुलं कोकणातल्या नातेवाइकांकडे गेली, ती परत आली नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा निम्म्या मुलांना गणवेश नव्हता. कुणी फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये, कुणी भावाच्या पँटमध्ये. आमचे हेडमास्तर शिस्तीचे कडक, पण त्या महिन्यात प्रार्थनेच्या वेळी त्यांनी कुणाला एका शब्दानं विचारलं नाही. सर माझ्या शेजारी उभे होते. प्रार्थना संपल्यावर म्हणाले, "त्याच्या पाटीवर नाव सोडून तीनच शब्द होते, बाई. कुणीतरी पुढे चौथा लावला. पाटीवर तो नव्हताच." कोणता ते मी विचारलं नाही. त्या दिवसांत गावात प्रत्येक दुकानाच्या आणि प्रत्येक माणसाच्या पुढे एकच शब्द लागत होता, हिंदू नाहीतर मुसलमान. माझ्याही पुढे लागला होता.

त्या वर्षी पाटीफेरी निघणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. सरांनी ती काढली. गल्लीतली किती दुकानं उरली होती ते मी सांगत नाही. जी होती त्यांच्या पाट्या मुलांनी वाचल्या. कोपऱ्यावर आले. तिथे काळी पडलेली भिंत, ती पायरी आणि वर आभाळ. सर थांबले.

"वाचा."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक जण हळूच म्हणाला, "सर, पाटी न्हाय."

"मागच्या वर्षी वाचली होती ना? वाचा."

मग एका मुलीने सुरुवात केली आणि मागून सगळ्यांनी वाचली. याकूब, स्कूल युनिफॉर्म स्पेशालिस्ट. त्यात ज्यांचे गणवेश याकूबभाईंनी शिवले होते ती सगळी होती, हिंदूंचीही मुलं आणि मुसलमानांचीही. हे मला त्या मुलीनेच दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि सांगताना ती रडली. मी स्वतः फेरीला कधी जात नसे, त्या वेळी माझा पाचवीवर तास असे. पुढे दरवर्षी ही रीतच पडली. शेवटी कोपऱ्यावर यायचं आणि नसलेली पाटी वाचायची. नवीन मुलांना जुनी मुलं आधीच पढवून ठेवत.

वर्षं गेली. गाव पुन्हा उभं राहिलं, आधीपेक्षा मोठं आणि आधीपेक्षा बकाल. दापोड्याकडे भाताच्या शेतांत गोदामं आली, रस्त्यावर ट्रकच ट्रक. बाजाराच्या गल्लीतली जुनी माणसं दुकानं विकून कुठे कुठे गेली. पण सरांची फेरी चालू होती आणि दर वर्षी एक-दोन तरी मुलं त्या भिंतीपलीकडे जाण्यापासून वाचत होती.

नव्वद सालानंतर केव्हातरी सर मला मुलांचे पेपर मोठ्याने वाचून दाखवायला सांगू लागले. "तुमचं इंग्रजी सुधारतंय, बाई," असं वर मलाच ऐकवायचे. मीही भोळी, पहिली सहामाही तशीच वाचत राहिले. एक दिवस ते स्टुलाला अडखळले, स्टूल नेहमीच्याच जागी होतं. मी बघत राहिले. त्यांनी स्टूल सरळ केलं आणि त्याच्यावरच बसले.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "उशिरा कळला. गेलं ते परत येत नाही, आहे तेही राहणार नाही असं डॉक्टर म्हणतात. उजव्या डोळ्याला थोडा उजेड आहे. फळा कुठे आहे ते कळतं, फळ्यावर काय आहे ते कळत नाही."

"हेडमास्तरांना सांगितलंत?"

"सांगितलं की ते दहावी काढून घेतील. त्यांचं चूक नाही, त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढली असती. मग ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली देतील आणि निवृत्तीपर्यंत तिथे बसवतील. फेरी बंद होईल. मग त्या कोपऱ्यावर कोण थांबणार?"

"निदान मुलांना तरी सांगा, सर. सांभाळून घेतील."

त्यावर ते चिडले. माझ्यावर इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तेच नकोय मला! पोरं सांभाळायला लागली की शिकत नाहीत. मला त्यांनी बघायला शिकायला हवंय. समोर काय आहे ते बघून तेवढंच सांगायला. घरी कोण शिकवणार आहे त्यांना ते?"

पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. वर्गात ते बाकांच्या रांगा हाताने चाचपत फिरत, मुलांना ती जुनी सवय वाटे. गल्ली तर त्यांच्या पायांतच होती. कुठे उतार लागतो, कुठे तेलाच्या घाण्याचा वास येतो, कुठे गटाराची फरशी वाजते, त्यावरून ते बरोबर त्या त्या दुकानापुढे थांबत. असं त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना थोडी ऐटही वाटत होती. एवढं करून ते निवृत्तीपर्यंत निभावून नेतील असं मला वाटायला लागलं.

मग एका वर्षी ठाण्याहून तपासणीचे साहेब आले. आमच्या हेडमास्तरांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं की आमच्याकडे एक वेगळा उपक्रम आहे. साहेब म्हणाले, बघू या. मुलांबरोबर आणखी एक शिक्षक हवा म्हणून मला पाठवलं. अशी मी पहिल्यांदा पाटीफेरीला गेले.

नाक्यावरचं पहिलं दुकान ठीक झालं. दुसऱ्या ठिकाणी सरांनी छत्रीचं टोक फरशीवर आपटलं, थांबले आणि मान वर करून म्हणाले, "वाचा."

"गुलशन टी स्टॉल!" मुलं एका सुरात म्हणाली.

मी वर बघितलं. तिथे झेरॉक्सचं दुकान होतं. चहाची टपरी उठून किती वर्षं झाली असतील देव जाणे. साहेबांनी पाटी बघितली, मुलांकडे बघितलं, मग हेडमास्तरांकडे. सर मात्र खुशीत टी आणि स्टॉलची फोड करून पुढे निघाले होते. तिसरं ठिकाण. "वाचा." "सायकल रिपेअर शॉप!" तिथे नुसती विटांची भिंत होती. मी एकेका मुलाच्या तोंडाकडे बघत होते. कुणी हसत नव्हतं. देवळात आरती म्हणावी तितक्या मनापासून ती मुलं नसलेल्या पाट्या म्हणत होती.

चौथ्या ठिकाणी सर थांबले. "वाचा."

"भारत यार्न मर्चंट!"

"न्हाय सर," मागून एक आवाज आला. "तसा न्हाय लिवलेला. हितं 'व्हिडिओ कॅसेट लायब्ररी' हाय."

ती कल्पना होती. अकलोलीची मुलगी. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी तिचे वडील नारळ विकत, आणि दहावीसाठी म्हणून त्याच वर्षी ती भिवंडीला मामाकडे राहायला आली होती. शेजारच्या मुलीने तिला चिमटा काढला असावा, कारण ती लगेच ओरडली, "आई गं! चिमटे कशाला काढतेस? हायच तसा. सरांनीच सांगितलंय, हाय तेच वाचायचा."

गल्लीत सायकलच्या घंट्या वाजत होत्या, लूम चालू होते. सरांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पुन्हा वाच."

"व्हिडिओ कॅसेट लायब्ररी."

"यात सेठ कोण?"

"लायब्ररी, सर. आधीची दोन कामाला आलेली."

"बरोबर," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "आता सगळे मागे चला. नाक्यापासून. ही वाचेल. बाकीच्यांनी ऐकायचं."

आम्ही मागे गेलो. कल्पनाने एकेक पाटी वाचली. फक्त पहिली जुनीच निघाली. पुढे झेरॉक्स सेंटर. मग "सर, हितं काय न्हाय, भित हाय." मग व्हिडिओ लायब्ररी. त्यापुढे फोटो स्टुडिओ, आइस्क्रीम पार्लर, लॉटरी सेंटर. सर प्रत्येक नावाला मान हलवत होते. एवढी वर्षं ज्या गल्लीतून ते रोज जात होते ती गल्ली उरलीच नव्हती आणि हे त्यांना त्या दिवशी, साहेबांच्या समोर, एका मुलीकडून कळत होतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"इरफान," त्यांनी वर्गाच्या मॉनिटरला हाक मारली. "हे कधीपासून?"

इरफान रडवेला झाला होता. "सर, याकूबचाचांची पाटी आपण वाचतो ना, नसली तरी. तर एका साली तुम्ही टी स्टॉलला थांबलात, तिथे टी स्टॉल नव्हता. भाईजानच्या बॅचला वाटलं ही पण तशीच वाचायची. मग सर जिथे थांबतील तिथे जुनी पाटी बोलायची असं झालं. नवीन पोरांना आम्ही शिकवतो."

"मला दिसत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

इरफानने मान हलवली. मग सरांना ती दिसणार नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. "हो, सर," तो म्हणाला. "कुणाला बोलायचं न्हाय असं ठरलं होतं."

कोपरा अजून थोडा पुढे होता. सर त्या दिशेला तोंड करून म्हणाले, "पुरे. शाळेत चला." फेरी कोपऱ्यापर्यंत गेली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

शाळेत आल्यावर ते हेडमास्तरांच्या खोलीत गेले, कुणी बोलवायच्या आधीच. खिशातले खडू काढून टेबलावर ठेवले. साहेब भला माणूस होता, त्याने अहवालात काही वाकडं लिहिलं नाही, पण आता दहावी सरांकडे राहणं शक्यच नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. ग्रंथालयाची किल्ली त्यांनी घेतली नाही. राजीनामाच दिला.

त्या आठवड्यात वर्गातली मुलं कल्पनाशी बोलेनाशी झाली. तिचा डबा कुणीतरी लपवला. ती माझ्यापाशी येऊन रडली, "बाई, माजा काय चुकला? मी घरी जाते अकलोलीला." सरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते शेवटचे वर्गात आले. तिला पुढे बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वर्गाला म्हणाले, "तुमच्यापैकी फक्त हिने वाचलं. बाकीचे तुम्ही माझ्यावर दया केलीत." बस, एवढंच. निरोपाचं भाषण नाही, काही नाही. कल्पना थांबली आणि दहावी पास झाली, हे इथेच सांगून टाकते.

त्या दिवशी निघताना मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, "सर, पोरांनी प्रेमापोटी केलं."

"माहीत आहे मला, बाई. त्याचाच त्रास होतो," ते म्हणाले. "खोडी म्हणून केलं असतं तर छड्या मारून मोकळा झालो असतो. मला वाटत होतं मी त्यांना बघायला शिकवतोय. ती आपली मला बघत बसली होती."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्यासाठी फाटक उघडून धरलं.

त्यानंतर त्यांची माझी गाठ क्वचितच पडे. शेवटची पडली ती नव्वदचं दशक संपत आलेलं असताना, बाजारात. त्यांच्या सौ. त्यांना हाताला धरून घेऊन आल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "वैद्यबाई, यांच्यापाशी जरा थांबाल का? आत भाजीवाल्यांत फार गर्दी आहे, मी पटकन घेऊन येते." सर खूप वाळले होते. छत्रीच्या जागी पांढरी काठी होती. माझा आवाज ओळखून हसले.

"बाई, इथून गल्ली जवळ आहे ना? चला, एक फेरी मारू. तुम्ही वाचा. आहे तेच वाचा."

मी त्यांचा हात धरला आणि माझ्या मराठी मास्तरणीच्या इंग्रजीत वाचायला लागले. व्हिडिओ लायब्ररी जाऊन तिथे केबल नेटवर्कचं ऑफिस आलं होतं. ते ऐकत होते, फोड करत नव्हते. कोपरा आला. त्यांना तो न सांगता कळला, ते आपणहून थांबले.

"इथे?"

तिथे पिवळी पाटी होती आणि काचेची खोली. कल्पनाने एवढ्याशा वयात जे केलं ते करणं मला किती जड गेलं ते काय सांगू. "टेलिफोन बूथ," मी वाचलं. "एसटीडी, आयएसडी, पीसीओ."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता ते स्वतःच ती जुनी पाटी म्हणतील. त्यांनी म्हटली नाही.

"पायरी आहे का?"

पायरी होती. बूथवाल्याने वर सगळं नवीन केलं होतं, पायरी तेवढी तीच ठेवली होती. मी आहे म्हटलं. त्यांनी काठीने ती शोधली, वाकून हाताने मधला खोलगट भाग चाचपला आणि हळूहळू खाली बसले. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. आत कुणीतरी मोठ्याने गावाकडच्या घरी बोलत होतं, पैसे पोचले का म्हणून विचारत होतं. सरांचा चेहरा शांत झाला होता. शाळा सुटल्यावर याकूबभाईंचं मशीन चालू असताना त्यांचा चेहरा असाच असे.

काचेचं दार उघडून बूथवाला बाहेर आला. तरुण होता, नवीन आलेला असावा, बोलायलाही तसा उद्धट नव्हता. "अंकल," तो म्हणाला, "यहाँ मत बैठिए. कस्टमर का रास्ता है."

मी काही बोलणार तेवढ्यात सर उठलेसुद्धा. "सॉरी," ते म्हणाले. उठताना त्यांनी पायरीवरून एकदा तळहात फिरवला, बसल्यामुळे पडलेली धूळ पुसावी तसा, आणि मग माझा हात शोधला.

"चला, बाई. पुढची."

कोपऱ्यावरून आम्ही समोरच्या बाजूने मागे वळलो. पुढचं दुकान चपलांचं होतं, सरांनी 'एस' पुसायला लावलेलं तेच. मालक बदलला होता आणि पाटी नव्याने रंगवली होती. शूज शॉप. मी आहे तशी वाचली. त्यांनी मान डोलावली आणि काठी पुढे टेकली.